तलावावरची भरती

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावच्या तलावावर गरी टाकायला बंदी झाली. बांध सुरू होतो तिथे लोखंडी खांब पुरून त्यावर पाटी लावली गेली. या तलावात विनापरवाना मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे, असा मजकूर होता आणि खाली मच्छीमार सोसायटीचे नाव होते. खांब पुरला जात असताना बांधावर गरी टाकून बसलेले दोघेच होते. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि दुसरा माझा थोरला भाऊ.

तलाव वैभववाडी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी आहे. दोन टेकड्यांच्या मधला ओहोळ मातीच्या बांधाने अडवून पाटबंधारे खात्याने तो केला. उन्हाळी भातासाठी कालवा काढला होता. कालव्याचे पाणी पहिल्या दोन-चार शेतांपलीकडे कधी पोचले नाही, आणि आता कालव्यात रान माजले आहे. तलाव मात्र राहिला. बांधाच्या आतल्या अंगाला दगडी पिचिंग आहे, एका टोकाला सांडवा आहे. मेमध्ये पाणी खाली जाते तेव्हा बुडालेल्या जुन्या पायवाटेची रेघ दिसते. गावातली माणसे संध्याकाळी तिथे गरवायला बसत. शेंगटी, मरळ, चिलापी मिळे. कोणी कोणाला विचारत नसे.

गाव माझ्या बायकोच्या माहेरचे. मी मूळ मालवण किनाऱ्यावरचा. जिल्ह्यातल्या एका दैनिकात वार्ताहर म्हणून आणि नंतर बातम्यांच्या टेबलावर नोकरी झाली. बायको इथल्याच आरोग्य केंद्रात नर्स होती, तिच्या वडिलांनी दिलेल्या जागेत आम्ही घर बांधले. निवृत्तीनंतर दोघेच राहत होतो. बंदीच्या आदल्या पावसाळ्यानंतर दादा आला.

दादा म्हणजे माझा भाऊ. त्याने जन्मभर मासेमारी केली. आधी दुसऱ्यांच्या होडीवर, मग स्वतःच्या. वहिनी गेली, मुलगी गोव्यात दिली, तेव्हापासून तो एकटा होता. खाडीच्या तोंडाशी जाळे ओढताना त्याच्या छातीत दुखू लागले. सोबतच्या माणसाने होडी किनाऱ्याला लावली म्हणून तो वाचला. दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले की जाळे ओढायचे नाही, एकट्याने होडी काढायची नाही, आणि पहिले वर्षभर तरी कोणाच्या नजरेखाली राहायचे. माझी बायको म्हणाली, नजर माझी आहे. त्याला आम्ही इकडे आणले.

पहिले पंधरा दिवस तो पडवीत बसून होता. गोळ्या वेळेवर घेत होता, जेवत होता, विचारले तर उत्तर देत होता. सोळाव्या की सतराव्या दिवशी त्याने पिशवी भरली. बायकोने ती पाहिली आणि मला हाक मारून म्हणाली, "ह्येंका खंयतरी पाण्याकडे न्हेवा. नायतर हे काय रवत नाय. जातले ते सरळ होडयेत बसतले."

मी त्याला तलावावर नेले. त्याने बांधावर उभे राहून सगळीकडे पाहिले.

"ह्या पाण्याक खंय जावचांच नाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून गरी आणि तंगूस, म्हणजे गरीची नायलॉन दोरी, काढला. पिशवी परत भरली नाही.

तेव्हापासून घरात सगळ्यांना ठाऊक होते की दादा तलावावर जातो तोवर तो इथे आहे. तलाव सुटला की तो किनाऱ्याला जाणार आणि किनाऱ्याला गेला की होडी काढणार. हे कोणी रोज बोलून दाखवत नसे.

त्याची गरवण्याची पद्धत गावाला चमत्कारिक वाटे. गावातली माणसे ऊन उतरल्यावर जात. दादा कालनिर्णय पाहून जाई. समुद्रकाठी भरतीची वेळ काढायचा साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तो हिशेब त्याच्या अंगात मुरलेला होता. किनाऱ्यावर भरती ज्या वेळेला लागते त्या वेळेला तो इथे, समुद्रापासून इतक्या आत, गरी टाकून बसे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून जाई. अष्टमीच्या आसपास, समुद्राला भांग असतो, भरतीला जोर नसतो तेव्हा, सहसा जातच नसे. घरी बसून गऱ्या घासत बसे.

एसटी ड्रायव्हरला याचा शोध लागायला फार दिवस लागले नाहीत. तो रोज संध्याकाळी येणारा माणूस. दादा कधी भेटतो, कधी भेटत नाही, म्हणून त्याने विचारले, आणि दादाने सरळ सांगून टाकले. दुसऱ्या दिवसापासून दादाचे नाव तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पडले.

"काय तांडेल, आज भरती किती वाजता?" ड्रायव्हर लांबूनच ओरडे.

"तीन. आज चवथ."

"मगे ह्या दगडार पाणी येतला काय? चपला वर काढून ठेवतंय."

"पाणी येवंदे नायतर रवंदे. माशाक कळता."

"ह्या माशाक? ह्यो टेम्पोतसून इलेलो मासो, तांडेल. तेना दर्यो फोटोत पण बघूक नाय."

"तुजी एसटी तरी खंय टायमार येय?" दादा म्हणे. "तरी लोक स्टँडार जाऊन बसतच ना?"

ड्रायव्हर हसत हसत त्याच्या शेजारी बसे. काही महिन्यांनी तोही दुपारी येऊ लागला. विचारले तर म्हणे, घरात पंखा नीट फिरत नाही.

दादाने आधी आमिष म्हणून सुका जवळा लावला. त्याला शेंगटी लागली, बाकी काही नाही. मग ड्रायव्हरने त्याला कणकेचा गोळा लावायला शिकवला. कणकेवर रोहू लागला तेव्हा दादाने तो हातात धरून उलटसुलट पाहिला. "पिठाक भुलता ह्यो," तो म्हणाला आणि मासा ड्रायव्हरच्या पिशवीत टाकला. तलावातले काही त्याने कधी खाल्ले नाही. मातीचा वास येतो म्हणायचा. त्याच्यासाठी मी आठवड्यातून दोनदा वैभववाडीच्या बाजारातून बांगडे आणी. ते बर्फात घालून त्याच्याच किनाऱ्यावरून आलेले असत आणि निदान दोन दिवसांचे असत. तो ते गुमान खाई.

सोसायटीने तलाव ठेक्याने घेतला होता. हे गावाला ठाऊक होते, पण त्याचा त्रास कधी झाला नव्हता. सोसायटीची माणसे पावसाळ्यात मत्स्यबीज सोडत आणि उन्हाळ्यात जाळे ओढून मासे नेत. मधल्या काळात तलाव गावाचा. मग शहरातली मुले मोटरसायकलवरून रील लावलेले गळ घेऊन येऊ लागली. रविवारी बांधावर जागा मिळेना. उन्हाळ्यात जाळे ओढले तेव्हा सोसायटीला अपेक्षेच्या मानाने फारच कमी मासा मिळाला. त्याच आठवड्यात पाटी लागली आणि एक वॉचमन नेमला गेला.

पाटी लागली त्या दिवशी दादा नेहमीसारखा घरी आला. मी विचारले, तर म्हणाला, "हां, बंद केल्यानी. मे संपत इलो. करूकच व्हयी."

मला आधी कळले नाही. नंतर लक्षात आले की तो समुद्राच्या हिशेबाने बोलत होता. समुद्रावर जूनपासून मासेमारी बंद होते. होड्या वर ओढतात, माडाच्या झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला की पुन्हा पाण्यात जातात. लहानपणापासून त्याने पाणी बंद झालेले पाहिले ते तेवढ्यापुरतेच. दादाने गऱ्या रॉकेलच्या फडक्याने पुसून डब्यात ठेवल्या. पावसाळा हा तलावावर गरवायचा चांगला काळ, हे त्याला ड्रायव्हरने सांगितले होते. आदल्या वर्षी तो इथे पावसाळ्यात नव्हता, त्यामुळे त्याने ते पाहिलेले नव्हते आणि पाहिले असते तरी मानले असते असे नाही.

"दादा, ही बंदी पावसापुरती नाय," मी त्याला सांगितले.

"पुनवेक सुटता."

"ह्यो दर्यो न्हय."

"माका म्हायत आसा ह्यो दर्यो न्हय," तो म्हणाला. "बंद केलला पाणी कोणीतरी उघडतलोच मा?"

जून आणि जुलै मी कचेऱ्यांत घालवले. याची बातमी मी लिहिली नाही. घरचा माणूस गुंतलेला असेल तर बातमी आपण लिहायची नाही, हा नियम मी नोकरीत असताना पाळला होता, नंतर मोडायचे कारण नव्हते. जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तलाव केवढा, आणि मग म्हणाला, बघतो.

पाटबंधारे उपविभागाच्या कचेरीत कारकुनाने फाइल न उघडताच सांगितले, "पाणी आमचं आहे. मासे आमचे नाहीत." मी विचारले, बांध कोणाचा? तो म्हणाला, बांध आमचा. बांधावर बसायला हरकत आहे का? नुसतं बसायला नाही. मत्स्यव्यवसायच्या कचेरीत साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला भेटले. सौजन्याने बोलले. ठेका कायदेशीर आहे, मासळीवर हक्क ठेकेदार संस्थेचा, गावाने संस्थेशी बोलून काय ते ठरवावे, असे त्यांनी सांगितले. परत येताना पाऊस होता आणि बसला रस्त्यात तास गेला.

सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याच वयाचा. घाटावरून आलेल्या आणि इथे दोन-तीन पिढ्या ओढ्यांवर, तलावांवर मासे धरणाऱ्या घरातला. त्याची खोली बाजारात, शिंप्याच्या दुकानावर आहे. तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला.

"तुमचे बंधू चांगले आहेत, मला माहीत आहे. वॉचमन सांगतो. पण गरीला लागतो तो पावशेराचा मासा. तो राहिला तर वर्षभरात माझ्या माणसांना दीड-दोन किलोचा मिळतो. आमच्याकडे दुसरं काही नाही. समुद्र नाही."

 त्याने चहा मागवला. शेवटी तो म्हणाला, ग्रामसभेत विषय घ्या, मी येतो.

गावात लावणी चालू होती. बांधावर ज्यांनी वर्षानुवर्षे गरवले ती माणसे चिखलात होती. त्यांच्यापैकी कोणाला कचेरीत यायला वेळ नव्हता आणि मीही त्यांना फार आग्रह केला नाही. ड्रायव्हर एकदा माझ्याबरोबर आला, दोन तास बाकावर बसला आणि म्हणाला, "ह्यापेक्षा घाटात गाडी बंद पडलली बरी. थंय निदान शिट्टी मारूक गावता."

नारळी पौर्णिमेला दादाने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि बायकोकडे नारळ मागितला. तिने सोललेला दिला. त्याने तो परत केला आणि शेंडीचा घेतला. आम्ही दोघे तलावावर गेलो. पौर्णिमा, म्हणजे भरती दुपारची. ड्रायव्हर आधीच आलेला होता. वॉचमन सांडव्याजवळच्या पत्र्याच्या शेडखाली होता. तोही किनाऱ्याकडच्याच एका गावचा होता, पोटापाण्यासाठी इकडे आलेला.

तलाव काठोकाठ भरला होता, सांडव्यावरून पाणी चालले होते. दादा पिचिंगच्या शेवटच्या कोरड्या दगडावर उतरला. नारळाला हळदकुंकू लावले, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि नारळ पाण्यात टाकला. नारळ बुडाला, वर आला आणि तिथेच हलत राहिला. किनाऱ्यावर नारळ ओहोटीबरोबर जातो, किंवा पोरे उड्या मारून काढतात. इथे पश्चिमेचा वारा होता. थोड्या वेळाने नारळ हळूहळू सरकत बांधाकडे आला आणि दादाच्या पायाशी दगडाला लागला.

दादाने पायाने तो आत लोटला. तो परत आला.

"तांडेल, तुमचो नारळ घराक येवक बघता," ड्रायव्हर म्हणाला.

वॉचमन छत्री घेऊन आला. त्याने वाकून नारळ उचलला.

"काढू नको," दादा म्हणाला. "पाण्याक दिलेलो आसा."

"काका, सांडव्यार अडाकलो तर सायब माका इचारतले."

"नारळ अडाकता काय सांडव्यार?"

"माका म्हायत नाय. पण इचारतले माकाच."

 दादाने डबा उघडून गरी काढली आणि कणकेचा गोळा लावायला घेतला. वॉचमन नारळ हातात धरून तसाच उभा होता.

"काका, पाटी बघलात मा?"

"ती पावसाळ्याची. आज पुनव."

"ती सोसायटीची, काका. पुनवेची न्हय."

"तुझो बापूस काय करता रे?"

"रापणीक जाय. आता बसान आसा."

"मगे तुका कोणी सांगूक नाय? पुनवेक नारळ पडलो की पाणी उघडता."

"थंय उघडता, काका," वॉचमन म्हणाला. "हय माका काढून टाकतले."

दादाने कणकेचा गोळा गरीवरून काढला, बोटांनी चुरला आणि पाण्यात टाकला. तंगूस पुन्हा लाकडाला गुंडाळला. वॉचमनने नारळ बांधाच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांपुढे तुकडे धरले. ड्रायव्हरने घेतला, मी घेतला. दादाने घेतला नाही.

स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा शाळेच्या वर्गात झाली. तलावाचा विषय शेवटी आला. तोवर अर्धी माणसे उठून गेली होती. सेक्रेटरी म्हणाल्याप्रमाणे आला होता, त्याच्याबरोबर सोसायटीची दोन माणसे होती. ड्रायव्हर उठला आणि म्हणाला की आम्ही बांधावर बसतो म्हणून बाहेरची पोरे जाळी टाकत नाहीत, आम्ही तुमचे फुकटचे वॉचमन आहोत. माणसे हसली, सेक्रेटरीही हसला. अर्ध्या तासात ठरले ते असे. गावच्या कायमच्या रहिवाशांना सोसायटी पास देईल. पासाला पैसे नाहीत. एका माणसाला एक गरी, रील नाही, बसायचे बांधावरच. बाहेरच्यांना पूर्ण बंदी.

दादा मागच्या बाकावर बसला होता. लहान मुलांचा बाक, त्याचे गुडघे छातीला लागत होते. सरपंच बाई सभा संपल्यावर स्वतः त्याच्याकडे आल्या.

"दादानू, तुमचो पास झालो समजा. मी तुमका रहिवासी दाखलो देतंय. भावाचां घर आसा, वर्स होवक इला रवतास, सगळ्यांका म्हायत आसा. ह्या अर्जार सही करा, बस."

"काय लिवलला आसा तेच्यात?"

बाईंनी वाचून दाखवले. सदर गावचा कायमचा रहिवासी असून येथून पुढे येथेच वास्तव्य करणार आहे.

दादाने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "घराक जाऊन करतंय," तो म्हणाला.

त्या रात्री जेवताना बायकोने विचारले.  दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पडवीतल्या फळीवर गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलेला होता. सही नव्हती.

"दादा, सही करूक काय जाता?" ती म्हणाली.

"आमच्या वाडयेर रापणीत माजो वाटो आसा."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते अर्धगोलात टाकत जाते आणि वाडीची माणसे वाळूवर उभी राहून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. आमच्या वाडीत वाटा माणसाचा नसतो, चुलीचा असतो. ज्या घरातला पुरुष आजारी आहे त्या घराचा वाटा निघतो, विधवेच्या घराचा निघतो. वाडी सोडून कायमचा दुसरीकडे गेला त्याचा निघत नाही. माझा कधीच बंद झाला. दादा आजारी म्हणून भावाकडे गेलेला माणूस होता. त्याच्या नावाचा वाटा वर्षभर निघत होता आणि त्याच्या घरात दिवा लावणारी शेजारीण तो नेत होती.

"इथला कागद थंय कोण बघता?" मी म्हणालो. "वाटो कोण बंद करतलो?"

"कोणच नाय."

"मगे?"

"मी बघलंय मा कागद," दादा म्हणाला. "उद्या शेजारीण माझ्या नावान बांगडे न्हेतली. तां माका हय बसान पचतला काय?"

बायको म्हणाली, "आणि हय पाण्यार बसलास नाय तर तुमी थंय जातलास. थंय जाऊन होडी काढतलास. डॉक्टर काय म्हणालो तां माका परत सांगूक लावू नका."

"डॉक्टर मालवणचो न्हय."

"मी तरी खंयची? पण गोळये मीच दितंय."

यावर तो हसला. त्या आठवड्यात तो हसलेला मला तेवढाच आठवतो. कागद तिथेच राहिला. मी त्याला पुन्हा सांगितले नाही. सरपंच बाईंनी दोनदा निरोप पाठवला. दादा तलावावर गेला नाही. पंचमीला, सप्तमीला भरतीच्या वेळेला तो पडवीतून उठून दारापर्यंत येई आणि परत बसे.

चतुर्थीच्या आधी त्याने सांगितले, "चवथीक जातंय." आपल्या घरी गणपतीला जाणाऱ्या माणसाला या जिल्ह्यात कोणी थांबवत नाही. बायकोने महिन्याभराच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगळ्या बांधून दिल्या. पिशवी तिनेच भरली. हिवाळ्याची चादर त्याने आत घातलेली तिला दिसली. तिने ती काढली नाही. गऱ्यांचा डबा आणि तंगूस मात्र त्याने पडवीत ठेवला.

मी त्याला बसस्टॉपवर सोडले. ड्रायव्हर आला होता. त्याने कंडक्टरला हाक मारून पुढची सीट द्यायला लावली आणि दादाला म्हणाला, "तांडेल, भरती चुकवू नका."

"तू पंखो दुरुस्त कर," दादा म्हणाला. बस कणकवलीकडे गेली.

गणपती गेले. दादा आला नाही. फोनवर म्हणाला, घराची कौले बघायची आहेत. नंतर म्हणाला, पुढच्या आठवड्यात. नंतर मी विचारणे सोडले. एका सकाळी त्याने फोन उचलला नाही. दुपारीही नाही. मी शेजारणीला लावला.

"होडी काढल्यानी," ती म्हणाली. "आज चौथो दिस."

"एकटोच?"

"एकटोच. सांगलला कोणी ऐकाक व्हया मा? रापणीवाल्यांनी सांगल्यानी, मी सांगलंय. फोन हय खिडकेर ठेवन जातत."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. होडी वाळूवर होती, ओली. तो अंगणात बसून जाळे विणत होता. जाडा झाला नव्हता, बारीक झाला नव्हता. गोळ्यांच्या पुड्या चुलीवरच्या फळीवर क्रमाने लावलेल्या होत्या, त्या दिवसापर्यंतच्या संपलेल्या होत्या. त्याने मला दोन बांगडे भाजून वाढले. मी परत चल म्हणालो नाही, त्याला घेऊन येतो असे बायकोला सांगून निघालो होतो तरी.

"लांब जाणंय नाय," तो म्हणाला. "खाडयेच्या तोंडार. ओहोटयेक भायर, भरतेक आत."

"फोन घेऊन जा."

"भिजता. तू असा कर. भरतेच्या वक्ताक लाव. त्या वक्ताक मी घरात आसतंय."

त्याच्या गऱ्या माझ्या पडवीत आहेत. विचारले, पाठवू का? म्हणाला, तिथेच असू देत.

तलावावरची पाटी आहे तिथेच आहे. तिच्याखाली पासधारकांसाठी म्हणून दुसरी लहान पाटी लागली. पास गावातल्या बऱ्याच जणांनी घेतले, ड्रायव्हरनेही. तो दुपारीच बसतो. मी बांधावरून जात असलो की विचारतो, "आज तांडेलाची भरती किती वाजता?" मी सांगतो.

बायकोने पुढच्या महिन्याच्या गोळ्या बांधून एसटीने पाठवल्या. त्या पोचल्या, असे शेजारणीने कळवले. रहिवासी दाखल्याचा अर्ज अजून फळीवर आहे.

मी रोज फोन लावतो. काल सप्तमी होती, भरती सवापाचची. पाच वाजता लावला तेव्हा कोणी उचलला नाही. सहाला पुन्हा लावला. त्याने उचलला.